पहारेकरी नसलेल्या तळ्याकाठी





आपल्यातील अनेक घरांची मुले-मुली, जावई, भाचे-पुतणे आज शिक्षण वा नोकरीनिमित्त अमेरिकेत वास्तव्य करून आहेत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ही कुटुंबे तंबू, शिधा, अंथरुणे आणि जानमाज गाडीत घालून अरण्यातील एखाद्या तळ्याकाठी दोन-तीन रात्री मुक्कामास जातात. इकडून भेटीला गेलेले आई-वडीलही पुष्कळदा त्यांच्यासमवेत असतात. अशा ठिकाणी नमाज कशी अदा करावी, वुजू कोठे करावा, विस्तवावर काय भाजावे, असे प्रश्न मग विचारले जातात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. जेथे दार नाही, भिंत नाही, पहारेकरी नाही, तेथे मुस्लिम माणसाचे वागणे कसे असावे? या लेखात आपण प्रामुख्याने त्याचाच विचार करू.

ही जागा कशी असते?

अमेरिकेत सरकारी मालकीची १५४ राष्ट्रीय अरण्ये आहेत. त्यांची देखभाल १९०५ साली स्थापन झालेली वनसेवा करते. मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेले सुपीरियर राष्ट्रीय अरण्य हे त्यांपैकी एक. १९०९ साली ते राखीव झाले. त्याच्याच पोटात बाउंड्री वॉटर्स नावाचा दहा लाख एकरांहून मोठा भाग आहे आणि त्यात हजाराहून अधिक तळी आहेत. पाइन, स्प्रूस आणि बर्च या वृक्षांच्या दाटीत निळे पाणी पसरलेले असते.

या अरण्यात काही ठिकाणी अगदी साधे कॅम्प आहेत. तेथे वीज नसते, उपाहारगृह नसते, नळाचे गरम पाणी नसते. तंबूसाठी सपाट केलेली जागा, एक लाकडी मेज, विस्तवासाठी लोखंडी कडे व त्यावर जाळी, खड्ड्यावर बांधलेले शौचगृह आणि बहुधा पाण्याचा हापसा, एवढीच सोय. फोनला संपर्क मिळेलच असे नाही. रात्री लून नावाचा पाणपक्षी तळ्यावरून लांब सूर काढतो, तेवढाच काय तो आवाज.

तंबू हीदेखील एक देणगी

काही जणांना वाटते की असे हिंडणे म्हणजे केवळ करमणूक. धर्माचा तिच्याशी काय संबंध? वास्तविक पवित्र कुरआनाने तंबूचा उल्लेख अल्लाहच्या उपकारांमध्ये केला आहे. सूरह नहलच्या ८० व्या आयतीत घर ही विसाव्याची जागा असल्याचे सांगितल्यावर लगेच जनावरांच्या कातड्याच्या त्या निवाऱ्यांचे स्मरण करून दिले आहे, जे प्रवासाच्या दिवशी आणि मुक्कामाच्या दिवशी माणसाला हलके वाटतात. आजचा तंबू नायलॉनचा असेल. देणारा तोच आहे.

सूरह आलि इमरानच्या अखेरीस सुज्ञ लोकांचे वर्णन आले आहे. उभे असता, बसले असता आणि कुशीवर पहुडले असता ते अल्लाहचे स्मरण करतात, आकाशांच्या व पृथ्वीच्या निर्मितीवर चिंतन करतात आणि हे सर्व व्यर्थ निर्माण झालेले नाही या निष्कर्षाप्रत येतात. बुखारी शरीफमध्ये माननीय अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांचे कथन आहे. लहान असताना एका रात्री ते आपल्या मावशीकडे, म्हणजे उम्मुल मोमिनीन मैमूना (रजि.) यांच्या घरी राहिले. रात्रीच्या उत्तरार्धात प्रेषित मुहम्मद (स.) उठून बसले, आकाशाकडे दृष्टी टाकली, याच आयतींचे पठण केले, वुजू केला आणि नमाजला उभे राहिले. तो बालकही उठला आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

माता-पित्यांनो, या प्रसंगातील बालकाकडे लक्ष द्या. त्याला कोणी हाक मारून उठविले नव्हते. त्याने पाहिले आणि तो उठला. शहरातील दिव्यांमुळे आपल्या मुलांना तारे फारसे दिसत नाहीत. अरण्यातील एका रात्री आपण तंबूबाहेर येऊन आकाशाकडे पाहत अल्लाहचे स्मरण केले, तर आपल्या मुलांनाही पाहून शिकण्याची तीच संधी मिळेल. तळ्याकाठच्या मुक्कामाची नियत येथून सुरू व्हावी.

लोखंडी नळा आणि अमानत

आता त्या कॅम्पच्या प्रवेशापाशी या. बऱ्याच साध्या कॅम्पवर कारकून बसलेला नसतो. एक फलक असतो, पाकिटे ठेवलेली असतात आणि जमिनीत रोवलेला एक जाड लोखंडी नळा असतो. आपण पाकिटावर जागेचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि रात्रींची संख्या लिहायची, ठरलेले शुल्क आत घालायचे आणि पाकीट नळ्याच्या फटीतून टाकायचे. पाकिटाचा फाडलेला तुकडा आपल्या जागेच्या खांबाला लावून ठेवायचा. तीन रात्री राहून दोन रात्रींचे पैसे टाकले, तर कदाचित कोणाच्याही लक्षात येणार नाही. संध्याकाळी उशिरा येऊन पहाटे निघून गेले, तर मुळीच येणार नाही.

येथे शैतान हलक्या आवाजात युक्तिवाद करतो. हा परका देश आहे, हे श्रीमंत सरकार आहे, या चार डॉलरने त्यांचे काय बिघडणार? परंतु सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचविण्याची आज्ञा दिली, तेव्हा हक्कदार कोणत्या धर्माचा वा देशाचा असावा अशी अट घातली नाही. मक्केचे कुरैश प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरीही त्यांच्या ठेवी प्रेषितांकडेच होत्या, आणि हिजरतच्या वेळी त्या परत करण्यासाठी माननीय अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. वैऱ्याच्या ठेवीचा एवढा मान, तर ज्याने विश्वासाने आपल्याला राहू दिले त्याच्या शुल्काचा किती?

माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा एक प्रसंग सर्वश्रुत आहे. ते सोबत्यांसह मदिनेच्या परिसरात बाहेर पडले होते आणि मोकळ्यावर जेवण मांडले होते. एक गुलाम मेंढपाळ तेथून चालला होता. त्यांनी त्याला जेवायला बोलावले. त्या कडक उन्हात त्याचा रोजा होता. त्यांनी परीक्षा पाहण्यासाठी एक मेंढी विकत मागितली. मेंढ्या मालकाच्या आहेत, असे तो म्हणाला. मालकाला लांडग्याने खाल्ली म्हणून सांग, असे त्याला सुचविण्यात आले. तेव्हा त्याने आकाशाकडे बोट केले आणि मग अल्लाह कोठे आहे, असे विचारले. इब्ने उमर (रजि.) यांनी त्या गुलामाला त्याच्या मालकाकडून विकत घेऊन मुक्त केले.

त्या मेंढपाळाभोवती भिंत नव्हती, हिशोबाची वही नव्हती. मालक दूर होता. म्हणूनच त्याच्या ईमानची किंमत कळली. तळ्याकाठच्या कॅम्पमध्येही असेच असते. ज्यांचे हक्क आपल्यावर येतात, त्यांपैकी जवळजवळ कोणीही तेथे हजर नसतो. शुल्क घेणारा हजर नसतो. आपल्यानंतर त्याच जागी तंबू ठोकणारे कुटुंब अजून आलेले नसते. तळ्यातील मासे व झाडांवरचे पक्षी बोलू शकत नाहीत. ज्यांचे पूर्वज या भूमीवर शतकानुशतके राहिले, ते ओजिब्वे लोकही समोर नसतात. १८५४ च्या करारान्वये त्यांनी ही भूमी सोडली, परंतु तेथे शिकार, मासेमारी व वनोपज गोळा करण्याचे हक्क त्या कराराने राखले. दिलेला शब्द पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. असे हे सर्व हक्कदार गैरहजर. आणि अल्लाह मात्र हजर. अनुपस्थित माणसाचा हक्क जपणे, हीच या मुक्कामाची खरी इबादत आहे. पुढील सर्व नियम याच एका गोष्टीचे पोट-नियम समजावेत.

पाण्याचा हक्क

तळ्याचे पाणी पाक आहे आणि त्याने वुजू होतो, याविषयी शंका नको. तथापि साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) स्पष्ट मनाई केली आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये तीन गोष्टींपासून दूर राहण्यास सांगितले आहे, ज्यांमुळे लोकांचा शाप ओढवतो. पाण्याच्या जागी, रहदारीच्या वाटेवर आणि सावलीत शौच करणे, या त्या तीन गोष्टी होत. तिन्ही जागांत समान काय आहे? तेथे नंतर कोणीतरी येणार असतो. पाणी प्यायला, चालायला, विसावायला. येथेही नंतर येणाऱ्याचाच हक्क सांगितला आहे.

अमेरिकेतील अरण्यांत जाणाऱ्यांना आज जो नियम शिकविला जातो, तो याहून वेगळा नाही. शौचगृह असेल तेथे त्याचाच वापर करावा. दूर रानात पायी गेला असाल, तर पाण्यापासून, वाटेपासून व तंबूपासून सुमारे २०० फूट दूर जाऊन, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणून नंतर तो बुजवावा. प्रेषित (स.) शौचासाठी वस्तीपासून दूर जात असत आणि जीवजंतूंच्या बिळात लघवी करण्यास त्यांनी मनाई केली, असे हदीसमध्ये आले आहे. लोटा अथवा पाण्याची बाटली सोबत न्यावी. तेथील शौचगृहात पाणी नसते.

भांडी व कपडे तळ्यात धुऊ नयेत. साबण कोणताही असो, तो माशांच्या पाण्यात जाऊ नये. बादलीत पाणी घेऊन काठापासून तेवढेच दूर जावे, तेथे धुवावे आणि सांडपाणी मातीवर पसरून टाकावे. वुजूसाठीही एक मग पुरेसा आहे. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण ओंजळभर पाण्यात वुजू करीत, असे सहीह हदीसमध्ये आहे. इब्ने माजा यांनी नोंदविलेल्या एका कथनानुसार तर वाहत्या नदीच्या काठी असतानाही वुजूत पाण्याची उधळपट्टी करू नये. समोर अथांग पाणी असताना मोजून पाणी वापरणारे वडील पाहिलेले मूल घरच्या नळाखाली वेगळ्या रीतीने उभे राहील.

विस्तवाचा हक्क

थंड रात्री विस्तवाभोवती बसणे हा मुक्कामाचा आनंदाचा भाग असतो. सूरह वाकिआमध्ये अग्नीला स्मरण देणारी वस्तू आणि प्रवाशांच्या उपयोगाची वस्तू म्हटले आहे. परंतु त्याच अग्नीविषयी प्रेषितांनी (स.) इशाराही दिला आहे. मदिनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले. ते कळल्यावर त्यांनी आग ही तुमची वैरी आहे, झोपण्यापूर्वी ती विझवीत जा, असे बजावले. दुसऱ्या एका हदीसमध्ये कारणही सांगितले आहे. एक क्षुद्र उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटवितो. मोठी हानी बहुधा लहानशा दुर्लक्षातून होते.

याची साक्ष सुपीरियर अरण्यातच मिळते. २००७ सालच्या मे महिन्यात तेथील हॅम लेक नावाच्या तळ्याजवळ कॅम्पमधील एका विस्तवापासून आग लागली. रान कोरडे होते, वारा जोराचा होता. आग सीमा ओलांडून कॅनडात गेली. दोन्ही देशांत मिळून सुमारे ७५ हजार एकर रान जळाले आणि शंभराहून अधिक इमारती खाक झाल्या. ज्यांची घरे गेली, त्यांनी तो विस्तव पाहिलाही नव्हता. वृक्ष, पिले, घरटी यांची तर गणतीच नाही. या घटनेतून कोणा एका माणसाचा दोष उगाळण्यापेक्षा आपण स्वतःला सावध करावे.

म्हणून विस्तव लोखंडी कड्याच्या आतच पेटवावा आणि लहान ठेवावा. वारा असेल किंवा अरण्याच्या कचेरीने आगीला बंदी केली असेल, तर पेटवूच नये. त्या बंदीचे पालन हा आपल्या दीनचाच भाग आहे. झोपण्यापूर्वी व निघण्यापूर्वी पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताची उलटी बाजू जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करावी. वर माती टाकली की विस्तव विझला, असे समजू नये. निखारे मातीखाली जिवंत राहतात.

जळणही दूरच्या गावाहून नेऊ नये. जेथे जाळायचे, त्याच परिसरात घ्यावे. आशियातून आलेला एक हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगन राज्यात आढळला आणि त्याने तेव्हापासून ॲश जातीचे कोट्यवधी वृक्ष मारले आहेत. एका जागेहून दुसऱ्या जागी तो पसरण्याचे एक मोठे कारण म्हणजे लोकांनी गाडीत घालून नेलेले जळण. इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजाही करू नये, हे प्रेषितांचे (स.) तत्त्व आपल्या फिकहचा पाया आहे. आपल्याला ठाऊक नसलेली इजाही टाळण्याचा प्रयत्न त्यात येतो.

अन्न आणि मुके जीव

तेथील जाळीवर आधी कोणी काय भाजले, हे आपल्याला माहीत नसते. डुकराचे मांसही भाजलेले असू शकते. माननीय अबू सअलबा अल-खुशनी (रजि.) यांनी ग्रंथधारकांच्या भांड्यांविषयी असाच प्रश्न विचारला होता. दुसरी भांडी मिळाली तर ती वापरावीत, न मिळाल्यास तीच धुऊन त्यांत खावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्याप्रमाणे आपली छोटी जाळी सोबत न्यावी हे उत्तम. नसल्यास तेथील जाळी घासून स्वच्छ धुवावी. हलाल मांस शहरातूनच घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवावे. तळ्यातील मासा हलाल आहे, परंतु मासेमारीचा परवाना घ्यावा आणि ठरलेल्या संख्येहून अधिक मासे पकडू नयेत. परवान्याविना पकडलेला मासा खाताना आपण ज्या राज्यात राहतो त्याच्याशी केलेल्या कराराचा भंग होत असतो.

त्या रानात काळी अस्वले आहेत. उष्टे-खरकटे, मसाल्याचे डबे, अगदी दात घासण्याची पेस्टसुद्धा तंबूत ठेवू नये. गाडीत बंद करावी. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येते आणि शेवटी पुष्कळदा त्याला मारावे लागते. आपल्या निष्काळजीपणाची शिक्षा त्या जिवाला भोगावी लागते.

अबू दाऊद यांच्या संग्रहात माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) एका प्रवासाची हकीगत सांगतात. मुक्कामावर काही सोबत्यांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलून आणली. ती पंख फडफडवीत वर घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) आले तेव्हा हिला हिच्या पिलांवरून कोणी दुःख दिले, असे त्यांनी विचारले आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. त्याच प्रवासात मुंग्यांचे जळालेले वारूळ त्यांच्या दृष्टीस पडले, तेव्हा अग्नीने शिक्षा देण्याचा अधिकार केवळ अग्नीच्या स्वामीचा आहे, अशी समज त्यांनी दिली. ही हदीस मुलांना तळ्याकाठीच सांगावी. पाखराचे घरटे आणि मुंग्यांची रांग समोर असताना ती त्यांच्या मनात कायमची रुजेल.

नमाज आणि शेजार

समस्त भूमी आपल्यासाठी मस्जिद आणि पवित्र करण्यात आली आहे, हा या उम्मतवरील विशेष उपकार आहे. महाराष्ट्रात आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज अदा करतो. मिनेसोटातून जवळच्या मार्गाने किब्ला ईशान्येकडे येतो. फोनला संपर्क नसेल हे ध्यानी धरून दिशा व वेळा घरूनच लिहून न्याव्यात. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, संधिप्रकाश मध्यरात्रीच्या जवळपास रेंगाळतो आणि फज्र तीनच्या आसपास किंवा त्याआधीच होते. रात्र फार लहान असते. दिवसभर खेळून थकलेल्या कुटुंबाची इशा वा फज्र हातची जाणार नाही, याची तजवीज आधीच करावी.

प्रवासाचे अंतर पुरेसे असेल तर कसर करावी. हनफी मतानुसार ते साधारण ७८ किलोमीटर आहे आणि १५ दिवसांहून कमी राहण्याचा इरादा असेपर्यंत माणूस मुसाफिर राहतो. या अरण्यांतील कॅम्पवर राहण्याची मर्यादा बहुधा १४ दिवसांची असते. शाफिई मताच्या आपल्या कोकणी बांधवांसाठी येण्या-जाण्याचे दिवस वगळून चार दिवस राहण्याचा इरादा झाला की प्रवासाची सवलत संपते. मात्र त्या मतात प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करण्यास मुभा आहे. ज्याने त्याने आपल्या मताच्या आलिमला विचारून निघावे.

रानात अजान मोठ्याने द्यावी, कारण तो आवाज जेथवर पोहोचतो तेथवरचे सर्व जीव कियामतच्या दिवशी साक्ष देतील, असे माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. आपण एकटे असू तर हे अवश्य करावे. परंतु कॅम्पमध्ये पलीकडच्या तंबूत दुसऱ्याचे तान्हे मूल झोपलेले असते आणि रात्री दहानंतर शांतता राखण्याचा नियम असतो. तेथे फज्रची अजान आपल्या जमाअतला ऐकू जाईल एवढ्या आवाजात द्यावी. सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत ज्यांच्याशी सद्वर्तन करण्याची आज्ञा आहे, त्यांत बाजूच्या सोबत्याचाही समावेश आहे. प्रवासात थोडा वेळ शेजारी लाभलेला माणूस त्यात येतो, असे अनेक भाष्यकारांनी सांगितले आहे. दोन रात्रींच्या शेजाऱ्याचाही हक्क असतो. त्याला ताटभर जेवण पाठवावे, त्याच्या मुलाला सलामतीची दुआ द्यावी. इस्लामविषयी त्याने जे काही ऐकले असेल, त्यापेक्षा हे ताट त्याच्या अधिक लक्षात राहील.

आपसांतही एकत्र राहावे. सहाबा प्रवासात उतरले की दऱ्याखोऱ्यांत विखुरत असत. हे विखुरणे शैतानाकडून आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यानंतर ते इतके जवळ-जवळ उतरू लागले की एक वस्त्र पसरले तर सर्वांवर पुरावे, असे अबू सअलबा (रजि.) सांगतात. एका तंबूत चार जण चार फोनवर असतील, तर तेही विखुरणेच होय.

निघण्याची सकाळ

शेवटच्या सकाळी तंबू गुंडाळल्यावर सर्वांनी त्या जागेवरून एक फेरी मारावी. प्लास्टिकचा तुकडा, मेजावरचा डाग, झाडाला बांधलेली दोरी, विस्तवाच्या कड्यातील अर्धवट जळलेले डबे, जे आपले असेल ते आणि जे आपले नसेल तेही उचलावे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. ती वस्तू कोणी टाकली, याची अट त्या हदीसमध्ये नाही. पुढे येणारे कुटुंब आपल्याला कधी भेटणार नाही, आभार मानणार नाही. त्यामुळेच हे काम निखळ अल्लाहसाठी होते.

प्रेषित (स.) एकदा चटईवर झोपले होते, तिचे वळ त्यांच्या अंगावर उमटले. सोबत्यांनी मऊ अंथरूण करून देण्याची इच्छा दर्शविली. तेव्हा त्यांनी या जगाशी असलेले आपले नाते एका स्वारासारखे असल्याचे सांगितले, जो झाडाच्या सावलीत थोडा विसावतो आणि ती सावली सोडून पुढे निघतो. आपला तंबूही असाच उतरतो. जमिनीवर दबलेले गवत काही दिवसांत पुन्हा उभे राहते. आपल्या जीवनाचा मुक्कामही ठरलेल्या दिवसांचा आहे. तेथेही लोखंडी नळ्याजवळ कोणी उभा दिसत नाही आणि तेथेही प्रत्येक पाकीट उघडले जाणार आहे.

ज्यांचे कोणी अमेरिकेत नाही, त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, पवना धरणाच्या काठी तंबू लावून राहणारी आपली तरुण मुले दरवर्षी जातात. तेथेही पाणी मागील-पुढील सर्वांचे आहे. पवनेचे पाणी तर पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांत प्यायले जाते. रविवारी संध्याकाळी काठावर उरलेल्या पत्रावळी आणि बाटल्या कोणत्या धर्माच्या माणसाने टाकल्या, हे ओळखता येत नाही. त्या उचलणारा कोणत्या उम्मतचा होता, हे मात्र ओळखू येऊ शकते.

हे अल्लाह! जेथे आम्हांला कोणी पाहत नाही तेथेही तू पाहतोस, हा विश्वास आमच्या व आमच्या मुलांच्या अंतःकरणात दृढ कर. ज्यांचे हक्क आमच्यावर आहेत आणि जे आमच्यासमोर नाहीत, त्यांचे हक्क पोहोचविण्याची आम्हांला तौफीक दे. आमचे प्रवास सुखरूप ठेव आणि अखेरचा मुक्काम तुझ्या प्रसन्नतेच्या छायेत होऊ दे. आमीन.